जुन्या वाड्याच्या दुरुस्तीसाठी वर्गणी काढायची असेल तर

पावतीपुस्तक छापायला टाकण्याआधी सातबारा काढा, आणि ग्रामपंचायतीतला घराचा उताराही. त्यावर जेवढी नावं आहेत त्या सगळ्यांच्या सह्या हव्यात. मयत असतील त्यांच्या वारसांच्या हव्यात. बहिणी, आत्या, आत्यांची मुलं, सगळी धरून. लग्न होऊन सासरी गेली म्हणून बाईचा हिस्सा जात नाही, पण उताऱ्यावर चढवायची राहतात ती नेमकी हीच नावं. आमच्याकडे वर्गणी जमली, चिरे ओटीसमोर उतरले, सुतार कामाला लागला आणि एका आत्याच्या मुलाची नोटीस आली. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. काम थांबलं, पाऊस सुरू झाला आणि कौलं उतरवून ठेवलेल्या माजघराची मातीची भिंत बसली.

सह्यांसाठी गणपती धरा. चाकरमानी एका छपराखाली सापडतात ते तेव्हाच. त्या दिवसांत वर्गणी मागायचा मोह होतो, पण आधी सह्या. वर्गणी शिमग्याला मागा. परदेशातल्यांचं मुखत्यारपत्र सहसा तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन येतं, त्याला वेळ लागतो. फोनवरच्या ‘आमची काही हरकत नाही’वर विसंबू नका, सही घ्या. सगळ्या हिस्सेदारांचा करार वकिलाकडूनच करून घ्या. वाडा किती वर्षं लोकांना बघायला खुला राहील आणि पुढे विकायचा ठरला तर काय, हे त्यात स्पष्ट हवं. देणगीदार पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि बरोबर विचारतात. वास्तू राज्य संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्व विभागाच्या परवानगीशिवाय एक कौलही हलवू नका.

आता पैसे. नोंदणीकृत न्यास नसेल तर वर्गणीआधी धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं. सार्वजनिक गणपतीची मंडळं सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१क खाली परवानगी घेतात, तेच. न्यासाकडे ८०जी, म्हणजे देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत देणारी मान्यता, असेल तर २००० रुपयांवरची रोख देणगी घेऊ नका, देणाऱ्याला करसवलत मिळत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या गाववाल्याचे पैसे कायद्याने परकीय देणगी ठरतात. एफसीआरए, म्हणजे परकीय देणगीच्या कायद्याखालची नोंदणी नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या कमाईतले बँकेतून पाठवले तर अडचण नाही. आणि सह्या पुऱ्या होईपर्यंत खात्यात एक रुपया घेऊ नका. हे मुद्दाम पुन्हा सांगतोय.

अंदाजपत्रक जुन्या कामाची सवय असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. जांभ्याच्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ओल आतच कोंडते, म्हणून चुनाच धरा, जरी खर्च वाढला तरी. नळ्याची कौलं फेकू नका, धड असतील ती मोजून पडवीत रचून ठेवा. तशी नवी सहज मिळत नाहीत. वासे आणि रिपा वाळवीसाठी ठोकून बघा.

घराभोवतीच्या नारळी-पोफळीच्या वाडीचा निधी वेगळा ठेवा. घराचा खर्च एकदा मोठा होतो, वाडीचा दरवर्षी होतो: शिंपणं, बेणणं म्हणजे तण काढणं, पंप, गडी. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगरच्या बागांतल्या पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, आडव्या झाल्या. नवी पोफळ धरायला पाचसहा वर्षं जातात, तोवर उत्पन्न नाही. हे पत्रकात लिहा, लोक समजून घेतात आणि वाडीसाठी वेगळे पैसेही देतात.

मंडप, चहा, फोटो ज्याचे त्याला सुचतात. काम दिवाळीनंतर सुरू करा, छप्पर मेच्या मध्यापर्यंत पुरं हवं. उताऱ्यावर मधल्या काळात नवा वारस चढला असेल तर त्याचीही सही. हिशेब दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर, पावत्यांसकट.