कवळी, तारा, अलाइनर आणि आपले दात: घरच्या घरी नीट कसे साफ करायचे

आमच्या घरी सासूबाईंना वरची-खालची पूर्ण कवळी आहे, मुलीला तारा लागल्यात आणि पुण्याहून शिकायला आलेला भाचा अलाइनर लावतो, म्हणजे दात सरळ करायचे पारदर्शक प्लास्टिकचे साचे, त्यामुळे सकाळी बेसिनपाशी काय काय चालतं ते रोज बघते. ओळखीपाळखीच्या बऱ्याच लोकांना, अगदी शिकल्यासवरल्या लोकांनाही, हे सांगणारं कोणी भेटलेलं नसतं म्हणून सविस्तर लिहितेय. मुख्य गोष्ट एकच आहे, जे आरशात दिसतं ते आपण घासतो आणि घाण बसते न दिसणाऱ्या जागी, म्हणजे हिरडीच्या कडेला, तारेच्या खाली, कवळीच्या आतल्या बाजूला.

आधी कवळी, कारण सगळ्यात जास्त हाल तिचेच होतात. कवळी टूथपेस्टने घासू नका. पेस्टमध्ये घासणारे बारीक कण असतात, खऱ्या दातांना ते चालतात पण कवळीचं ॲक्रिलिक, म्हणजे ती बनते ते प्लास्टिक, त्यापेक्षा मऊ असतं, त्यावर बारीक ओरखडे पडतात आणि मग त्याच ओरखड्यांत घाण आणि बुरशी घर करते. भांड्यांचं लिक्विड किंवा हात धुवायचा साधा लिक्विड सोप दोन थेंब आणि मऊ ब्रश, एवढं पुरतं. ब्रश वेगळा ठेवा, तोंडातला तोच नको. मंजन, राख, मीठ, खायचा सोडा घेऊन तर अजिबात रगडू नका.

धुताना आधी बेसिनमध्ये जुना टॉवेल घडी करून ठेवा नाहीतर बेसिन अर्धं पाण्याने भरा, कारण साबणाने कवळी बुळबुळीत होते आणि हातातून सुटली की सिरॅमिकवर आपटून सरळ दोन तुकडे. खालची कवळी घोड्याच्या नालेसारखी असते, ती मुठीत दाबून धरली तरी मधोमध तडकते, म्हणून जी बाजू घासताय तीच बाजू बोटांत धरायची. बाहेरचे दात सगळेच घासतात, खरं काम आहे आतल्या बाजूचं, जी टाळूला आणि हिरडीला चिकटते. घासून झालं की त्या बाजूवर बोट फिरवून बघा, गुळगुळीत लागलं तर ठीक, चिकट किंवा बुळबुळीत लागलं तर थर अजून तसाच आहे, परत घासा. जेवल्यावर दर वेळी काढून नुसत्या पाण्याने धुतली तरी खूप फरक पडतो, आपल्या इंदूरात तर शेव घातल्याशिवाय घास जात नाही आणि तो चुरा कवळीखाली जाऊन बसतो आणि टोचतो.

गरम पाणी नको म्हणजे नकोच. बरेच जण निर्जंतुक करायचं म्हणून उकळतं पाणी ओततात, त्याने कवळी वाकते आणि वाकलेली कवळी परत सरळ होत नाही, नवीन करावी लागते. साधं किंवा फार तर कोमट पाणी.

रात्री कवळी काढून ठेवायची. ह्यावर आमच्याकडे बरेच दिवस वाद चालला होता, कारण सासूबाईंना कोणासमोर बिनदातांचं राहायला आवडत नाही आणि ते मला समजतं, पण रात्रभर कवळी तोंडात राहिली की तिच्याखालच्या हिरडीला मोकळीक मिळत नाही, टाळू लालभडक होतो, बुरशीचा संसर्ग होतो, आणि बहुतेक वेळा दुखत नाही म्हणून कळतही नाही. काढल्यावर घासून झाकणाच्या डबीत पाण्यात बुडवून ठेवा, कोरडी ठेवली तर ॲक्रिलिक सुकतं आणि फिटिंग बिघडू शकतं. क्लिन्सोडेंट, फिटीडेंट अशा गोळ्या मेडिकलवर मिळतात, पाकिटावर लिहिलंय तेवढा वेळ भिजवा आणि नंतर ब्रशने घासून वाहत्या पाण्यात स्वच्छ धुवा. नुसत्या गोळीत भिजवून काम भागत नाही, घासावं लागतंच. आणि ती गोळी तोंडात टाकायची नाही, पाण्यात टाकायची, घरात विसराळू आजी-आजोबा असतील तर पाकीट त्यांच्या औषधांच्या डब्यापासून लांब ठेवा.

ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे त्यांच्या कवळीवर पांढरा कडक थर चढतो. तो चाकूने किंवा सुईने खरवडू नका. पांढरं व्हिनेगर आणि पाणी अर्धं-अर्धं करून थोडा वेळ भिजवलं की थर सैल होतो, मग ब्रश मारा. पण कवळीत धातूची तार किंवा पट्टी असेल तर व्हिनेगर नको, ब्लीच तर मुळीच नको. दात नाहीत म्हणून तोंड तसंच सोडायचं असंही नाही, मऊ ब्रशने किंवा ओल्या स्वच्छ कापडाने हिरड्या, टाळू आणि जीभ रोज पुसा.

आता खरे दात. मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं, आणि त्यातली रात्रीची वेळ चुकवू नका कारण झोपेत लाळ कमी होते आणि दातांचं राखण करणारं कोणी उरत नाही. ब्रश हिरडीकडे साधारण 45 अंशात तिरका धरायचा, म्हणजे केस थोडे दातावर आणि थोडे हिरडीच्या कडेवर येतात, आणि जागच्या जागी हलके हलके हलवायचा. आडवा रगडू नका, हिरड्या मागे सरकतात आणि मग थंड-गरम लागतं. खालच्या पुढच्या दातांच्या मागे किटण सगळ्यात लवकर जमतं, कारण जिभेखाली लाळेची तोंडं तिथेच उघडतात, तिथे ब्रश उभा धरून टोकाने घासा. झाल्यावर फेस थुंका पण खळखळून चूळ भरू नका, फ्लोराइड थोडं दातांवर राहू दे. ही सवय बदलायला आपल्या लोकांना जड जातं, तरी करा. सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, लिंबू पिळलेला गराडू (तळलेला कंद) खाऊन आलात तर घरी येऊन लगेच ब्रश नको, आंबटाने दाताचं वरचं आवरण थोडा वेळ नरम असतं, पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास थांबून घासा.

मशेरी किंवा गुल लावणारे अजूनही घरोघरी आहेत. तो तंबाखूच आहे, दात साफ करायचं साधन नाही, 1992 पासून आपल्याकडे टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी आहे. आई-मावशीला प्रेमाने सांगा पण सांगाच.

तारा असतील तर प्रत्येक दात तीनदा बघायचा, तारेच्या वर ब्रश खाली झुकवून, तारेच्या खाली ब्रश वर झुकवून, आणि मग सरळ. बारीक बाटली-ब्रशसारखा इंटरडेंटल ब्रश तारेखालून आत घालून फिरवला की पोह्याचे कण निघतात ते बघून मुलांना आपोआप पटतं.

अलाइनर आणि रिटेनर (तारा काढल्यावर दात जागेवर राहावेत म्हणून लावतात तो) थंड पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा, खाताना काढा, नाहीतर पोह्यांची हळद लागून पिवळे पडतात. काढले की थेट डबीत, टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवले की कोणीतरी कचऱ्यात टाकतं आणि सकाळी कचरा गाडी घेऊन जाते.

तोंडातला फोड किंवा जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही तर वाट बघू नका, दाखवा. खर्चाची अडचण असेल तर इंदूरात एमवाय हॉस्पिटलच्या भागात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे ओपीडीत जा. कवळी टोचत असेल तर घरी कानशीने घासू नका, तुटली तर फेव्हिक्विकने चिकटवू नका. आणि कवळी टोचते म्हणून दाखवायला जाताना आदल्या दिवशी शक्य होईल तेवढी कवळी घालून ठेवा, म्हणजे हिरडीवर वळ दिसतो आणि डॉक्टरांना नेमकी कुठे घासायची ते लगेच कळतं.