पन्नाशीनंतरचं सॉफ्टबॉल: या चुका टाळा

दर वर्षी सप्टेंबरच्या शेवटी लास वेगासला सीनियर सॉफ्टबॉलची वर्ल्ड मास्टर्स स्पर्धा सुरू होते, आणि दर वर्षी मला तिथे एखादा तरी नवा संघ असा दिसतो: खेळाडू तगडे, बॅटी महागड्या, पाठीवर नावं छापलेली, पण नियमांचं पुस्तक एकानंही उघडलेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो संघ सामान आवरत असतो. हरण्याचं काही नाही, कुणीतरी हरणारच. पण हरायची कारणं दर वर्षी तीच असतात, आणि ते बघताना जीव तुटतो.

मी जळगावला कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलो. आपल्याकडचं सॉफ्टबॉल म्हणजे फास्टपिच: ४६ फुटांवरून हात चक्रासारखा फिरवून टाकलेला वेगवान चेंडू, नऊ खेळाडू, बंट (बॅट न फिरवता चेंडू नुसता अडवणं), स्टील (फटका न लागताच पुढचा बेस पळून गाठणं), सगळं. इथे सॅक्रामेंटोत गेली बारा वर्षं मी जे खेळतोय ते स्लोपिच. ५० फुटांवरून टाकलेला चेंडू कमीत कमी ६ आणि जास्तीत जास्त १२ फूट उंच कमान करून यावा लागतो, आणि क्षेत्ररक्षणाला दहा जण. नाव एकच असल्यामुळे जळगाव-अमरावतीकडून आलेल्या माणसाला वाटतं, हा खेळ आपल्याला येतो. क्रिकेटवाल्याला तर त्याहून सोपा वाटतो. चुकांची सुरुवात तिथेच होते. पुढचं सगळं सीनियर सॉफ्टबॉल-यूएसए या संस्थेच्या नियमांना धरून आहे. दुसऱ्या संस्थेच्या स्पर्धेला जाणार असाल तर तिचं पुस्तक वेगळं वाचा.

होमवर टॅग करायला जाणं

या एका चुकीवर मी तासभर बोलू शकतो.

होम म्हणजे बॅटर उभा राहतो ती जागा, चारही बेस फिरून तिथे परत पोचलं की रन. तिसऱ्या बेसवरून होमकडे येताना, होमच्या २० फूट अलीकडे एक रेघ मारलेली असते. तिला कमिटमेंट लाइन म्हणतात. धावणाऱ्याचा पाय त्या रेघेवर किंवा पलीकडे पडला की त्याला मागे फिरता येत नाही. फिरला तर आउट. त्यानं नेहमीच्या होम प्लेटवर पाय द्यायचा नसतो, बाजूला काही फुटांवर त्याच्यासाठी दुसरी प्लेट असते. आणि कॅचरनं, म्हणजे होममागच्या विकेटकीपरनं, त्याला चेंडू धरलेला ग्लव्ह लावायचा (टॅग करायचा) नसतो. चेंडू हातात घेऊन आपल्या प्लेटला पाय लावायचा, झालं. म्हणजे तिथला खेळ हुबेहूब फर्स्ट बेससारखा. नियम का आला हे सांगायला नको. पासष्टीचा माणूस जोरात पळत येतोय आणि सत्तरीचा कॅचर त्याच्या वाटेत वाकून उभा आहे, त्यांची टक्कर झाली तर एकाचा खुबा जातो.

तीन वर्षांपूर्वी वेगासला आम्ही उपांत्य सामन्यात होतो. शेवटची इनिंग, आम्ही एका रननं पुढे, समोरच्यांचे दोन आउट (तिसऱ्याला इनिंग संपते), दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर माणसं. आमचा कॅचर दादरचा, पंचवीस वर्षं क्लब क्रिकेटमध्ये विकेटकीपिंग केलेला, हात सोन्यासारखे. त्या वर्षी तो आमच्याकडे नवा होता. बॅटरनं शॉर्टस्टॉपच्या डोक्यावरून लेफ्टला फटका मारला. आमच्या लेफ्ट फिल्डरनं एका टप्प्यावर उचलून जो थ्रो केला, तसा मी त्या आठवड्यात दुसरा पाहिला नाही. चेंडू कॅचरकडे आला तेव्हा धावणारा होमपासून दहा फूट लांब होता. प्लेट कॅचरच्या डाव्या टाचेमागे, वीतभर अंतरावर. पाय नुसता मागे सरकवला असता तर सामना संपला होता आणि आम्ही अंतिम फेरीत होतो.

त्यानं पाय पुढे टाकला, झुकला आणि येणाऱ्याच्या छातीला ग्लव्ह लावला. स्टंपिंग केल्यासारखा हात वर करून आमच्याकडे वळला. अंपायरनं दोन्ही हात आडवे पसरले: सेफ. तो तिथेच उभा राहून मला ओरडून सांगत होता, ‘‘अरे, टॅग केलाय मी त्याला! तू बघितलंस ना?’’ मी डगआउटमधून ‘‘प्लेट! प्लेट!’’ ओरडत होतो. तेवढ्यात दुसऱ्या बेसवरून निघालेला माणूस मागून आला आणि बाजूच्या प्लेटवर पाय देऊन गेला. दोन रन. सामना गेला.

त्याला मी दोष दिला नाही आणि आजही देत नाही. मॅनेजर मी होतो. नियम त्याला ‘सांगितला’ होता, पण त्याच्याकडून घोटून घेतला नव्हता. पंचवीस वर्षांची सवय एका वाक्यानं जात नाही. त्या दिवसापासून आमच्या सरावाची पहिली पंधरा मिनिटं याच गोष्टीला. कॅचर थ्रो यायच्या आधीच प्लेटच्या पुढच्या कडेला टाच टेकवून उभा राहतो, फर्स्ट बेसमनसारखा अंग ताणून चेंडू घेतो, आणि चेंडू घेतल्यावर दोन्ही हात छातीशी धरतो. हात पुढे गेला की तो थ्रो पुन्हा. शंभर थ्रो झाल्याशिवाय मी बॅटिंगचा सराव सुरू करत नाही. नवे लोक कुरकुरतात, त्यांना बॅट फिरवायची घाई असते. कुरकुरू देत.

हा नियम काढून टाका, होमवरची मजा गेली, असं म्हणणारे दर स्पर्धेत भेटतात. तिसऱ्या बेस आणि होममध्ये अडकलेल्या माणसाची पळापळ बघायला मलाही कधी काळी आवडायची. पण हा खेळ ऐंशीच्या पुढच्या वयोगटांतही खेळला जातो, आणि त्या लोकांना मैदानात ठेवणारे जे मोजके नियम आहेत त्यांत हा पहिला. त्याला हात लावू नये असं माझं ठाम मत आहे.

छोट्या, पण रोज दिसणाऱ्या

पहिला चेंडू ‘बघून’ सोडणं. चांगला चेंडू सोडला किंवा हुकला की स्ट्राइक, तीन स्ट्राइकला आउट; वाईट चेंडू म्हणजे बॉल. इथे प्रत्येक बॅटरची सुरुवातच एक बॉल, एक स्ट्राइक अशी होते. एक सोडला की बहुतेक वेळा दोन स्ट्राइक झालेले असतात. त्यानंतर एक फाउल (रेषेबाहेर गेलेला फटका) माफ, दुसऱ्या फाउलला आउट.

चेंडू छातीवरून गेला म्हणून सोडणं. उंची बघू नका. प्लेटवर आणि तिच्यामागे अंथरलेल्या मॅटवर चेंडू पडला की स्ट्राइक. बारा फुटांवरून खाली येणारा चेंडू लांब जाणार असं वाटतं आणि तो मॅटच्या मागच्या कडेवर पडतो. सरावात नुसतं उभं राहून पन्नास चेंडू कुठे पडतात ते बघा, बॅट न फिरवता.

बंट. स्लोपिचमध्ये बंट केला की आउट. फास्टपिचवाल्यांनो, विसरा.

फर्स्ट बेसला पांढऱ्या पिशवीवर पाय देणं. बेस दुहेरी असतो: रंगीत भाग पळणाऱ्याचा, पांढरा क्षेत्ररक्षकाचा.

कर्टसी रनरचा हिशेब न ठेवणं. गुडघा दुखणाऱ्यासाठी दुसऱ्याला पळायला लावता येतं, आणि संघाला हे हवं तितक्या वेळा करता येतं. पण एक खेळाडू एका इनिंगमध्ये एकदाच असा पळू शकतो. आणि तो बेसवर असतानाच त्याची बॅटिंगची पाळी आली, तर बेसवरचा तो आउट. सगळ्यात जलद पळणारा म्हणून उठून त्यालाच पाठवणारे मॅनेजर मी दर महिन्याला बघतो, आणि तो तीनच बॅटरनंतर यायचा असतो. मी लाइनअपचा, म्हणजे बॅटिंगच्या क्रमाचा, कागद क्लिपबोर्डला लावून बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाच्या नावापुढे पेन्सिलनं टिंब करतो. फोनवर नाही, उन्हात स्क्रीन दिसत नाही.

मोठी आघाडी मिळाली की सैल पडणं. एका इनिंगमध्ये पाच रनची मर्यादा असते, त्यामुळे अकरा रनची आघाडी सुरक्षित वाटते. पण शेवटची इनिंग खुली असते, तिथे मर्यादा नाही. चौदा रन काढून जिंकलेला संघ मी समोरून पाहिला आहे.

मुद्दाम खालच्या दर्जात नाव देणं. वयोगटाच्या आत एए, ट्रिपल ए, मेजर, मेजर प्लस असे चढते दर्जे असतात. काही विभागांत वरचा संघ खालच्याशी खेळला तर खालच्याला सुरुवातीलाच पाच रन मिळतात, त्याला इक्वलायझर म्हणतात. या पाच रनवरून पार्किंगमध्ये तासन् तास वाद होतात. मी इक्वलायझरच्या बाजूनं आहे; त्यामुळे लांबून आलेल्या लहान गावाच्या संघालाही खेळायला कारण उरतं. पण मेजरच्या ताकदीची माणसं गोळा करून ट्रिपल ए मध्ये नाव देणं ही फसवणूक आहे. असा चषक घरात ठेवू नये.

बॅटीच्या बाबतीत शॉर्टकट

ही माझी दुसरी दुखरी नस.

सीनियर स्पर्धांत १.२१ बीपीएफचा (बॅट परफॉर्मन्स फॅक्टर) शिक्का असलेल्या बॅटी चालतात. भक्कम भिंतीवर आपटून चेंडू जितका परत येतो, त्याच्या तुलनेत बॅटीवरून किती उसळतो याचं हे माप. या बॅटी इतक्या ‘गरम’ असतात, म्हणजे चेंडू इतका जोरात उसळवतात, की गावातल्या नेहमीच्या लीगमध्ये त्यांना बहुधा बंदी असते. तिथे नेऊन आउट होणारे, सामन्याबाहेर काढले जाणारेही बरेच आहेत. आणि एवढ्या बॅटीनंही काहींचं भागत नाही. नव्या कंपोझिट (कार्बन-फायबरसारख्या धाग्यांच्या) बॅटीला मोकळं व्हायला, म्हणजे पूर्ण उसळी द्यायला, काहीशे फटके लागतात. तेवढा धीर नसतो. मग कुणी ती रोलरमध्ये दाबून आणतं, कुणी टोपण काढून आतली भिंत तासून पातळ करून आणतं. दोन्ही बेकायदा.

दोन वर्षांपूर्वी, साध्या रविवारच्या सरावात, आमच्याकडे पहिल्यांदाच आलेल्या एकानं अशी बॅट आणली होती. आमचा पिचर ६६ वर्षांचा, मास्क गाडीत राहिला होता, ‘‘सरावच तर आहे’’ म्हणाला. चौथा चेंडू. फटका सरळ आला. मी सेकंड बेसवर होतो, मला चेंडू दिसलाच नाही, फक्त आवाज आला, आणि पिचर गुडघ्यांवर बसलेला, बोटांमधून रक्त. गालाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. त्याला गाडीत घालून पाठवल्यावर मी ती बॅट उचलून पाहिली. टोपणाभोवती केसाएवढी पिवळट रेघ होती, वाळलेल्या गोंदाची. नखानं खरवडली तर गोंद नखात आला. ज्याची होती तो म्हणाला, विकत घेतली तेव्हापासून अशीच आहे. त्याला आम्ही पुन्हा बोलावलं नाही.

तेव्हापासून आमच्या सरावात सुरुवातीला सगळ्या बॅटी बाकावर आडव्या मांडल्या जातात, मी प्रत्येक टोपणावरून अंगठा फिरवतो. मास्क घातल्याशिवाय कुणी पिचिंगच्या पट्टीवर उभं राहायचं नाही, सराव असो वा सामना. नवी बॅट मी टीवर (चेंडू ठेवायच्या उभ्या दांड्यावर) ठेवलेल्या चेंडूंवर मोकळी करतो: अर्ध्या ताकदीनं शंभर, मग हळूहळू वाढवत आणखी दोनशे, आणि प्रत्येक फटक्यानंतर बॅट हातात थोडी फिरवून, म्हणजे सगळ्या बाजू सारख्या मोकळ्या होतात. दोन आठवडे जातात. थंडीत, पारा ६० फॅरनहाइटच्या खाली असेल तर ती बाहेर काढत नाही, कंपोझिट तडकते.

शरीर आणि कागद

मांडीमागचा स्नायू पहिल्या सामन्याच्या पहिल्या धावेत जातो, कारण माणूस खुर्चीवरून उठून बॅटिंगला येतो. आधी वीस मिनिटं चाला, मग हळू पळा. ताणून धरायचे व्यायाम अंग गरम झाल्यावर. बाद फेरीत एकदा हरलं तरी संधी असते, पण मग त्याच दिवशी तीन-चार सामने खेळावे लागतात, आणि वेगासला सप्टेंबरअखेरही पारा नव्वदीत असतो. मी दर इनिंगला दोन घोट पाणी घेतो, तहान लागो न लागो.

वयाचा घोळ हमखास होतो. कॅलेंडर वर्ष मोजतात, वाढदिवस नाही. डिसेंबर १९७५ चा जन्म असेल तर जानेवारी २०२५ पासूनच ५० च्या गटात खेळता येतं. कित्येक जण उगाच वर्षभर थांबतात. आणि फोटो असलेलं ओळखपत्र मैदानावर जवळ हवं, हॉटेलच्या खोलीत नको. आमच्या फर्स्ट बेसमनचं एकदा खोलीत राहिलं होतं. तो टॅक्सीनं जाऊन घेऊन येईपर्यंत तिसरी इनिंग सुरू झाली होती.