पोटाचा सीटी स्कॅन काढताय? या चुका टाळा

मे महिन्यात जळगावला पारा पंचेचाळीसकडे गेला की आमच्या सेंटरवर मुतखड्याची रांग लागते. आणि रांगेत एक तरी जण म्हणतोच, "भो, तो सुईवालाच काढी टाका, त्यामा सगळं दिसस."

नाही दिसत. सुईवाला म्हणजे शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटोत उठून दिसणारं औषध, देऊन काढलेला. ते औषध लघवीत उतरलं की पांढरं दिसतं, खडाही पांढराच, मग बारीक खडा त्यात हरवतो. मुतखड्याला साधा सीटी पुरतो.

रावेरकडचे एक केळीवाले काका आले होते. जुना मधुमेह, कुशीत कळा आणि आठवडाभर मेडिकलवरून आणून खाल्लेल्या दुखण्याच्या गोळ्या. कुण्या पाहुण्याने सुईवालाच काढा म्हणून बजावलेलं. मुलाच्या हातात क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट होता, तो मागच्या दिवाळीचा. "नॉर्मलच आहे ना, लवकर घ्या, खाली गाडी उभी आहे." मी रेडिओलॉजिस्ट मॅडमना दाखवलं, त्यांनी आधी रक्त पाठवायला लावलं. क्रिएटिनिन आलं 3.1, म्हणजे बरंच वाढलेलं. ऊन, कमी पाणी आणि त्या गोळ्या, किडनीने आधीच हात टेकले होते. साध्या सीटीत खडा मूत्राशयाच्या अगदी तोंडाशी अडकलेला आणि वर किडनी फुगलेली. त्याच संध्याकाळी लघवीला वाट करून देणारी नळी, म्हणजे स्टेंट, टाकला.

तेव्हा वय झालेलं असो की शुगर, रिपोर्ट ताजा आणा आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून आणा. नावं कुणालाच आठवत नाहीत. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. कॉन्ट्रास्ट द्यायचं असेल आणि किडनी कमजोर असेल तर डॉक्टर ती 48 तास थांबवतात आणि क्रिएटिनिन पुन्हा बघून सुरू करतात. पूर्वी कॉन्ट्रास्टने अंगावर पित्त उठलं असेल तर ते सुई टोचायच्या आधी सांगा.

दुसरा राग जुन्या फिल्म घरी ठेवून येणाऱ्यांवर. "परत काढून टाका, पैसे देतो." प्रश्न पैशाचा नाही. पोटाच्या एका सीटीत साधारण 8 ते 10 मिलीसीव्हर्ट (किरणांचं माप) किरणं लागतात. निसर्गातून वर्षभरात मिळतात सरासरी 2.4. साधा आणि कॉन्ट्रास्टचा असे दोन्ही काढले की जवळपास दुप्पट. आतडं फुटलंय, अपघातात आत रक्तस्राव होतोय अशी शंका असेल तर मात्र किरणांचा बाऊ करत बसू नका.

पित्ताशयातल्या खड्यांना आधी सोनोग्राफी; बरेच खडे सीटीत दिसतच नाहीत. लहान मुलांनाही आधी तीच. स्वादुपिंडाला सूज असेल तर पहिल्याच दिवशी घाई नको, मेलेला भाग नीट दिसायला 72 तास लागतात. पाळी चुकली असेल तर सासूसमोर लाजू नका, सिस्टरला बाजूला घेऊन सांगा.

जेवण चार तास आधी बंद, पण आमच्याकडे साधं पाणी चालतं. उपाशी म्हणून तहानलेलेही येतात लोक, तेही चोपड्याहून भर उन्हात!

आणि चांदीचा करदोडा घरीच काढा. धातूच्या रेषा सगळ्या फोटोभर पसरतात, आणि टेबलावर झोपल्यावर त्याची वर्षानुवर्षांची गाठ सुटता सुटत नाही.