डाग खाली, दुखणं वर: मोटरहोमची गळती आणि चासी दुरुस्त करताना या चुका टाळा

पावसाळा सरला की पुण्यातली मोटरहोम बाहेर काढली जातात. चार महिने उभी असलेली गाडी सोसायटीच्या पार्किंगमधून हलते आणि खालच्या फरशीवर डाग दिसतो. मग गॅरेज. तिथलं निदान बहुतेक वेळा उभ्या उभ्याच होतं: "सील गेलंय साहेब, टाकून देतो." सील बदलतं, गाडी ताम्हिणी उतरून माणगावला पोचते आणि डाग पुन्हा हजर.

यामागचं कारण मोटरहोमच्या घडणीत आहे. मालाचा टेम्पो परतताना रिकामा येतो; मोटरहोम कधीच रिकामं नसतं. पलंग, ओटा, कपाटं, बॅटऱ्या, पाण्याच्या टाक्या हे सगळं ओझं चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या पोलादी सांगाड्यावर, बारा महिने असतं. घाटातल्या वळणांवर चासी पीळ खाते आणि तिच्यावर आवळलेल्या इंजिनला, टाक्यांना, पाइपांच्या जोडांना तो पीळ सोसावा लागतो. एखादा क्रॉस मेंबर (चासीचा आडवा बीम) तडकला किंवा इंजिन माउंटिंग (इंजिनखालचा रबरी आधार) बसलं की होज (रबरी नळी) ताणला जातो, ब्रेकचा पाइप कशाला तरी घासू लागतो, आणि आपल्याला दिसते फक्त गळती. म्हणून गळती शोधताना चासी बघायची आणि चासी दुरुस्त करताना पाइप बघायचे. ही दोन कामं एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन माणसांकडे गेली की घोळाला सुरुवात होते.

चूक: डाग पडला तिथेच गळतंय असं धरून चालणं

गाडी चालत असताना खालचा वारा तेलाला मागे ढकलत नेतो. टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून निघालेलं तेल इंजिनच्या मागच्या बाजूने उतरतं, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरच्या बेल हाउसिंगपाशी जमतं आणि तिथून थेंब पडतो. बघणारा म्हणतो, क्रँकचं मागचं सील गेलं. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. पॅकिंग मात्र तासाभराचं काम. ऑइल प्रेशर स्विचचंही असंच. बोटाएवढा भाग, पण तो गळला की अख्खं चेंबर (इंजिनखालचं तेलाचं भांडं) ओलं दिसतं.

म्हणून ओल्या जागेपासून पुढे आणि वर शोधत जायचं. आधी इंजिन, गिअरबॉक्स आणि आजूबाजूची चासी नीट धुऊन कोरडी करा. प्रेशरचं पाणी अल्टरनेटरवर आणि सेन्सरच्या कनेक्टरवर मारू देऊ नका. संशय असलेल्या जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरा, गाडी कात्रजच्या नव्या बोगद्यापर्यंत नेऊन आणा आणि टॉर्च घेऊन बघा. पावडरमध्ये ओली रेघ जिथून सुरू होते, तिथे दुखणं. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरून त्यावर चाकांच्या जागा पेनाने आखून ठेवल्या तर सकाळी डाग नेमका कुठल्या भागाखाली पडला ते जुळवता येतं. एवढं करूनही सापडलं नाही, तर तेलात घालायचा चमकणारा डाय आणि त्याचा निळा दिवा वापरणारं गॅरेज शोधा.

चूक: काय गळतंय ते न ओळखता पाना हातात घेणं

बोटावर घ्या, पांढऱ्या कागदावर टेकवा, वास घ्या. चव घेऊ नका. डिझेल इंजिनचं तेल काळं असतं. गिअर ऑइल दाट असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो, तो एकदा नाकात बसला की विसरत नाही. पॉवर स्टिअरिंगचं तेल बऱ्याच गाड्यांत लाल. कूलंट हिरवं, गुलाबी किंवा नारिंगी, हाताला चिकट आणि वासाला गोडसर. हे विष आहे. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल सोसायटीतल्या कुत्र्या-मांजरांनी चाटलं तर त्यांच्या जिवावर बेततं, त्यामुळे सांडलेलं कूलंट तसंच सोडू नका.

बीएस-६ डिझेल गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते. हे द्रावण ३२.५ टक्के युरियाचं असतं आणि गळून वाळलं की जोडाभोवती पांढरे खडे जमतात. क्षारांचे डाग समजून लोक ते पुसून टाकतात. ते तांब्या-पितळेला खातं, तेव्हा वायरिंगच्या जोडात शिरण्याआधी शोधा.

ब्रेक ऑइल पाण्यासारखं पातळ, फिकट पिवळसर. चाकाच्या आतल्या बाजूला किंवा बूस्टरखाली (ब्रेक पेडलचा जोर वाढवणाऱ्या डब्याखाली) ओल दिसली तर आधी त्याचाच संशय घ्या. हे निघालं तर गाडी हलवायचीच नाही. नुसतं टॉप-अप करून घाटात जाणं म्हणजे जुगार. शिवाय ब्रेक ऑइल हवेतलं बाष्प शोषतं. डॉट ३ प्रतीचं नवं तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेलं १४० अंशांपासून उकळू शकतं. भरलेलं मोटरहोम वरंधा किंवा ताम्हिणी उतरताना ब्रेक किती तापतात याचा अंदाज ज्याला आहे, त्याला पेडल का खाली जातं हे वेगळं सांगायला नको. गळती असो-नसो, दर दोन वर्षांनी हे तेल बदला.

आणि एसी लावून गाडी उभी केल्यावर पडणारं स्वच्छ, बिनवासाचं पाणी ही गळती नव्हे.

चूक: सील बदललं, कारण तसंच

नवं सील महिन्याभरात पुन्हा पाझरू लागलं की दोष सीलच्या कंपनीला दिला जातो. खरं कारण बऱ्याचदा ब्रीदर असतो. इंजिनच्या आत तयार होणारा दाब बाहेर पडायची वाट चोंदली की तो दाब सीलमधून वाट काढतो. इंजिन सुरू ठेवून ऑइल भरायचं झाकण सावकाश सैल करा; भकाभक धूर आला तर ब्रीदर तपासा. तो साफ असूनही धूर थांबत नसेल तर रिंगा-पिस्टनचा विषय काढावा लागेल.

मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगवरही असाच छोटा ब्रीदर असतो आणि तो चिखलाने बंद झालेला असतो, हे मी खात्रीने सांगतो. फार थोडे लोक तिकडे बघतात. घाटात डिफरन्शियल (मागच्या ॲक्सलमधली गिअरपेटी) तापतं, आतली हवा फुगते, गिअर ऑइल सीलमधून थेट मागच्या ब्रेक ड्रममध्ये उतरतं. मग एका बाजूचा ब्रेक लागत नाही. अशा वेळी सील बदला, ब्रीदर साफ करा आणि तेल प्यायलेले ब्रेक लायनर फेकून द्या. पेट्रोलने धुऊन परत बसवलेले लायनर भरवशाचे नसतात.

ऑइल गेजच्या वरच्या खुणेच्या वर तेल भरणं, चेंबरचा नट जोर लावून आवळून आटे घालवणं आणि तांब्याचा जुनाच वॉशर पुन्हा वापरणं, हीसुद्धा गळतीची हमखास कारणं. वॉशर नाना पेठेत किरकोळ किमतीला मिळतो.

चूक: हळद, पावडर आणि मूठभर सिलिकॉन

रेडिएटर गळायला लागला की त्यात हळद टाकायची, हा रस्त्यावरचा जुना तोडगा. बंद पडलेल्या जागेतून गाव गाठण्यापुरतं ठीक. पण हळद असो की बाटलीतली पावडर, ती भोक ओळखत नाही; रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही तितक्याच निष्ठेने जाऊन बसते आणि पुढच्या घाटात इंजिन तापतं. वॉटर पंपाच्या पोटाशी एक बारीक भोक असतं. तिथून थेंब आला तर पंपाचं सील संपलं असा तो निरोप आहे. ते भोक एम-सीलने बुजवलं की पाणी बेअरिंगमध्ये जातं. चेंबरला बोटभर सिलिकॉन फासलं की आत फुगलेला भाग तुटून ऑइल पंपाच्या जाळीवर जातो आणि इंजिनला तेल मिळत नाही. सिलिकॉन लागतं तिथे सुतासारखी बारीक रेघ पुरते, आणि ते वाळेपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही.

गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आणि चालू डिझेल इंजिनच्या हाय प्रेशर पाइपवर हात फिरवून गळती शोधू नका. कॉमन रेलमधला (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला) दाब हजार बारच्या वर जातो, न दिसणारी धार कातडीत घुसते. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरा.

गाडीतल्या घराकडचं पाणी

खाली पडलेलं पाणी कुठल्या टाकीचं हे कळत नसेल तर वापरलेल्या पाण्याच्या टाकीत खायचा निळा रंग टाका. सगळे नळ बंद असताना पंप अधूनमधून स्वतःहून गुरगुरत असेल तर दाबाच्या लाइनमध्ये गळती आहे. टाक्या बहुतेक वेळा फिटिंगपाशी तडकतात, कारण पट्टा सैल होऊन टाकी आपटत असते. चिकटवत बसण्याआधी पट्टा बघा. छपरातून शिरलेलं पाणी भिंतीच्या पोकळीतून उतरून जमिनीखालच्या बीमवर साचतं. प्लायवुड कुजतं, बीम गंजतो, आणि वर बसलेल्याला वर्ष-दोन वर्षं पत्ताही नसतो.

चूक: चासीला जुनं ऑइल, गंजावर काळा कोट

सर्व्हिसिंग झालं की खालून जळकं ऑइल मारायची पद्धत अजून आहे. त्याने पाट्यांचे (ॲक्सलवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे) आणि सस्पेंशनचे रबर बुश फुगतात, धुळीचा थर बसतो, आणि पुढचे सहा महिने खरी गळती कुठली ते कुणालाच कळत नाही. काळा अंडरबॉडी कोट गंजावर मारला की ओल आत कोंडते. हरिहरेश्वर-दिवेआगरच्या खारट हवेतून आलेली गाडी आधी खालून गोड्या पाण्याने धुवा, चासीतली पाणी निघायची भोकं मोकळी करा, गंज तारेच्या ब्रशने खरवडून प्रायमर लावा, मग कोट.

चूक: दिसली तड, मारला वेल्ड

इथे सावकाश वाचा, कारण या चुकीची किंमत सगळ्यात मोठी. रंगातून तपकिरी रेघ उतरलेली दिसली की तिथे तड असू शकते. बोल्टभोवती गंजाची भुकटी आणि चकाकणारा पत्रा म्हणजे बोल्ट सैल होऊन भाग हलतोय. तडी भोकांच्या कडेला, ब्रॅकेटच्या कोपऱ्यात, जुन्या वेल्डच्या टोकाला सुरू होतात. शंका असेल तर वेल्डिंगच्या दुकानात मिळणारा लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर मारा. केसाएवढी तडही लाल रेघ होऊन दिसते.

चासीच्या लांब रेल, म्हणजे गाडीच्या लांबीभर जाणारे दोन मुख्य बीम, बऱ्याचदा जास्त ताकदीच्या पोलादाच्या असतात. वेल्डच्या उष्णतेने शेजारची पट्टी मऊ पडते आणि नवी तड वेल्डला लागूनच उघडते. म्हणून आधी गाडीच्या कंपनीची बॉडी बिल्डरसाठीची पुस्तिका मागवा. तिथे रेलला वेल्डिंग किंवा ड्रिलिंग कुठे चालतं, कुठे नाही, ते लिहिलेलं असतं. रेलच्या वरच्या-खालच्या फ्लँजला (आडव्या कडेला) भोक पाडणं सहसा मना असतं. वेल्डिंग मान्य असेल तर तडीच्या शेवटच्या टोकाला बारीक भोक पाडून ती थांबवायची, तडीची खाच घासून मोकळी करायची, लो-हायड्रोजन रॉड वाळवून वापरायचा. वर पट्टी बसवायची तर तिची टोकं तिरपी कापा. उभ्या कापलेल्या पट्टीच्या टोकाशी सगळा ताण एकवटतो आणि चासी तिथेच पुन्हा तडकते. रेलला आडवा वेल्ड मारू देऊ नका. बोल्ट लावायचे तर ८.८ ग्रेडचे.

भोसरी-चिंचवडला हाताचे फार चांगले वेल्डर आहेत. पण गेटचं काम करणारा आणि चासीचं काम करणारा यांत फरक आहे, तो विचारून घ्या. वेल्डिंगआधी गाडीची बॅटरी, घरातली बॅटरी, सोलर आणि इन्व्हर्टर, सगळं सोडवा. कंपनी सांगत असेल तर ईसीएमचे (इंजिनच्या संगणकाचे) कनेक्टरही. अर्थचा चिमटा वेल्डच्या अगदी शेजारी लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून फिरतो. डिझेलचे प्लास्टिक पाइप आणि वायरिंग बाजूला करा. घरातला गॅस सिलिंडर गाडीतून उतरवून लांब ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खालीच साचतो.

विंगर किंवा अर्बानियासारख्या मोनोकॉक गाडीत वेगळी शिडीसारखी चासी नसते, भिंती आणि जमीनच भार घेतात. तिथे खिडकीसाठी खांब कापणं म्हणजे चासीच कापणं. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ रचनेला छेद देणारा बदल मनाने करता येत नाही. आरटीओशी आधी बोला.

चूक: मागे बसलीय, पाटा वाढवा

गाडी मागे झुकली की एक पाटा वाढवला जातो. गाडी उचलली जाते, वजन तेवढंच राहतं. ॲक्सल, टायर, ब्रेक यांच्यावरचा भार तोच, आणि कडक पाटा खड्ड्याचा दणका थेट चासीला देतो. आधी वजनकाट्यावर जा. पाणी, डिझेल, माणसं, सामान भरून एकदा पूर्ण गाडी आणि एकदा फक्त मागची चाकं काट्यावर घ्या, आणि कंपनीने दिलेल्या ॲक्सलच्या मर्यादेशी ताडून बघा.

टाकी कुठे आहे यानेही फार फरक पडतो. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो. दोन ॲक्सलमधलं अंतर ३.५ मीटर असेल आणि टाकी मागच्या ॲक्सलच्या १.५ मीटर मागे असेल, तर मागच्या ॲक्सलवर सुमारे २८६ किलो वाढतात आणि पुढच्यावरचे ८६ किलो कमी होतात. स्टिअरिंग हलकं लागतं आणि मागच्या पाट्याच्या हँगरपाशी (पाटा चासीला जोडणाऱ्या ब्रॅकेटपाशी) चासी तडकते. हीच टाकी दोन ॲक्सलच्या मध्ये आणली तर वेल्डरकडे जायची वेळ कदाचित येणारच नाही.

पाटे उघडले तर ते ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवे घाला. जुने ताणलेले असतात. खाली शिरताना गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या आणि चाकांना ठोकळे लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका. काम झाल्यावर पहिली फेरी लांबची नको. खंबाटकी चढून-उतरून या, गाडी थंड होऊ द्या, मग टॉर्च घेऊन पट्टीची टोकं, ब्रेकचे पाइप आणि होजचे क्लँप बघा, यू-बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा. काही शे किलोमीटरनंतर हेच आणखी एकदा.