चेस्ट नंबर मिळण्याआधीची तीन वर्षं

बी.एस्सी.ला प्रवेश घेतला त्याच आठवड्यात नोटीस बोर्डावर एनसीसी भरतीचा कागद लागला. खरं सांगायचं तर मी गेलो ते परेडनंतर नाश्ता मिळतो हे ऐकून. पण तो आठवडा हुकला असता तर सैन्यात अधिकारी होण्याचा पुढचा सगळा रस्ताच हुकला असता. एनसीसीच्या 'सी' सर्टिफिकेटची परीक्षा तिसऱ्या वर्षी असते आणि त्याआधी 'बी' पास व्हावं लागतं. दुसऱ्या वर्षी जाग आलेले माझे दोन मित्र इथेच अडकले.

'सी'ला किमान बी ग्रेड आणि पदवीला 50 टक्के असतील, तर एनसीसी स्पेशल एन्ट्रीत, म्हणजे एनसीसीवाल्यांसाठीच्या अधिकारी भरतीत, लेखी परीक्षा नसते. अर्जातून निवड झाली की थेट एसएसबीचं, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखतीचं, बोलावणं येतं. चेस्ट नंबर म्हणजे तिथे छातीवर लावायला मिळतो तो. वय 19 ते 25, लग्न झालेलं नको. शेवटच्या वर्षाला असतानाही अर्ज चालतो, फक्त आधीच्या दोन वर्षांचे मिळून 50 टक्के भरायला हवेत. परेडच्या नादात पहिल्या वर्षी मला 47 पडले होते. दुसऱ्या वर्षी ते भरून काढताना नाकी नऊ आले. हा रस्ता नसेल तर सीडीएस ही अधिकारी भरतीची लेखी परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि चेन्नईच्या ओटीएसाठी, म्हणजे तिथल्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीसाठी, तिच्यात गणिताचा पेपर नसतो.

पहिल्या एसएसबीला भोपाळहून पहिल्याच दिवशी परत आलो. अंधुक चित्र 30 सेकंद दाखवतात, चार मिनिटांत गोष्ट लिहायची, मग गटात चर्चा. मी क्लासची पाठ केलेली गोष्ट लिहिली आणि चर्चेत सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडलो. दुपारी बॅग उचलली.

मग नाशिकरोडला राज्य सरकारच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात गेलो. तिथे एसएसबीची तयारी करून घेतात. राहणं-जेवण-शिकवणं सगळं फुकट. गावाकडच्या कित्येक मुलांना हे माहीतच नसतं आणि ती क्लासला हजारो रुपये मोजतात, याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या खेपेला मैदानावर फळी, बल्ली आणि दोर घेऊन अडथळे पार करायचे होते. गट अडकला. मला काही भारी युक्ती सुचली नाही. मी बल्ली धरून बसलो आणि बाकीच्यांना पलीकडे जाऊ दिलं. ही सवय कॅम्पमधली. दहा दिवसांच्या कॅम्पमध्ये आम्ही तंबू नेमका पाण्याच्या वाटेवर ठोकला होता, आणि मध्यरात्री पाऊस आल्यावर सकाळपर्यंत आळीपाळीनं खांब धरून उभे होतो. मुलाखतीत कॅम्पबद्दल विचारलं तेव्हा हेच सांगितलं, जागा मी निवडली होती हेसुद्धा. साहेब हसले आणि पुढची दहा मिनिटं त्या तंबूवरच प्रश्न आले: जागा बघितली कुणी, चर का खणला नाही, दुसऱ्या दिवशी काय केलं? कदमताल किती छान जमतो हे कुणी विचारलं नाही.

रेकमेंड झालो, म्हणजे एसएसबीत निवडला गेलो, आणि मेडिकलला कानातल्या मळामुळे टेम्पररी अनफिट! अपीलसाठी 42 दिवस मिळतात. गावातल्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत मळ काढला, अपील मेडिकलला फिट झालो, आता मेरिट लिस्टची वाट बघतोय. तुम्ही मात्र कान आणि दात एसएसबीला निघायच्या आधीच दाखवून घ्या.