भयपटाचा दुसरा भाग बघताना वही जवळ ठेवा

दुसरा भाग लावण्याआधी पहिला पुन्हा बघा. कथा आठवावी म्हणून नव्हे, तर तेव्हा कोण घाबरलं होतं ते आठवावं म्हणून. डिचोलीत आमच्या ओसरीवर मी कॉलेजच्या मुलींना घेऊन सिनेमे बघते, तेव्हा हा नियम मोडू देत नाही.

वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ ओढा. डावीकडे पहिला भाग, उजवीकडे दुसरा. लिहायचं एवढंच: रात्री घरात कोण कोंडलं जातं? कुणाच्या बोलण्यावर गाव विश्वास ठेवत नाही? शेवटी वाचवतं कोण?

‘स्त्री’ (2018) आणि ‘स्त्री 2’ (2024) असे बघितले. पहिल्या भागात चंदेरी गावातले पुरुष ‘स्त्री’ नावाचं भूत रात्री उचलून नेतं, मागे राहतात त्यांचे कपडे. दुसऱ्या भागात सरकटा, म्हणजे मुंडकं नसलेलं भूत, उचलून नेतो ते नव्या विचारांच्या बायकांना. डावीकडे ‘पुरुष’, उजवीकडे ‘बाई’ लिहून झालं आणि ओसरी गप्प झाली. रात्री बाहेर पडायची भीती पुरुषांना वाटली, तेव्हा थिएटरात हसू आलं होतं. तीच भीती बायकांना वाटते तेव्हा ती आपल्याला रोजची वाटते, हे रेघेमुळे दिसलं.

भिंतीवरची अक्षरं आली की सिनेमा थांबवा. आधी ‘ओ स्त्री कल आना’, आणि पहिला भाग संपताना ‘ओ स्त्री रक्षा करना’. जिला टाळायचं तिच्याकडेच रक्षण मागायचं! गोव्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आपला देवचार, म्हणजे गाव राखणारं दैवत-भूत, असाच. तिन्हीसांजेला त्याला घाबरायचं, आणि वेशीचा राखणदार म्हणून त्यालाच रोट आणि विडी ठेवायची. पण राखण मागणाऱ्यांनी स्वतःची वागणूक किती बदलली, ते दुसऱ्या भागात शोधा. मला फारशी बदललेली दिसली नाही.

दिग्दर्शकाचा हेतू आणि कॅमेऱ्याची नजर वेगवेगळी नोंदवा. बायकांच्या मोकळेपणाची बाजू घेणारा सिनेमा नाचणाऱ्या बाईकडे कसा बघतो? तेवढं गाणं आवाज बंद करून पुन्हा बघा.

हिंदीपुरतंच थांबू नका. जॉर्ज रोमेरोच्या 1968च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या सिनेमात मेलेले उठून चालू लागतात आणि माणसं शेतावरच्या एका घरात अडकतात. 1978च्या दुसऱ्या भागात, ‘डॉन ऑफ द डेड’मध्ये, ती अडकतात मॉलमध्ये, आणि मेलेलेही जुन्या सवयीने तिथेच येतात. जागा का बदलली, एवढा एकच प्रश्न घेऊन बसलात तरी दोन तास पुरतो.

त्या रात्री चपला घालता घालता एका मुलीने विचारलं, “टीचर, आमच्या वेशीवरचा राखणदार गावाचा, की गावातल्या बायकांचासुद्धा?” मी तो प्रश्न माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला. आता कुठलाही दुसरा भाग लावण्याआधी तो मोठ्याने वाचते.