कॅन्सर-संशोधनाची बातमी लिहिताना ‘उंदरांमध्ये’ हा शब्द गाळू नका

फुगलेल्या बातमीचं खापर माध्यमांवर फोडायची सवय आहे. पण २०१४ साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमध्ये आलेल्या एका अभ्यासात ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांची आरोग्यविषयक ४६२ प्रसिद्धिपत्रकं तपासली गेली. प्राण्यांवरच्या संशोधनातून थेट माणसांविषयी निष्कर्ष काढण्याची अतिशयोक्ती अशा संशोधनाच्या ३६ टक्के पत्रकांत होती. पत्रकात ती असेल तर ८६ टक्के बातम्यांत उतरली, नसेल तर फक्त १० टक्क्यांत. म्हणजे फुग्यात हवा बहुतेकदा विद्यापीठातच भरली जाते, आणि ती तिथेच थांबवता येते.

विद्यापीठाचं प्रसिद्धिपत्रक तुम्ही लिहीत असाल, तर शोधनिबंध जर्नलने स्वीकारला की लगेच कामाला लागा, छापून येण्याची वाट पाहू नका. संशोधकाबरोबर अर्धा-पाऊण तास बसा आणि पुढच्या गोष्टी कागदावर उतरवा: प्रयोग कशावर झाला, किती जणांवर किंवा किती प्राण्यांवर, तुलना कशाशी केली, फरक किती पडला, पैसा कोणाचा, आणि या निकालावरून काय म्हणता येत नाही. शेवटच्या प्रश्नावर संशोधक बहुधा थोडा थांबतो. त्यानंतर तो जे सांगतो तेच पत्रकातलं सगळ्यात मोलाचं वाक्य असतं. पेटंटचा अर्ज व्हायचा असेल तर तेही आत्ताच विचारा, कारण अर्जाआधी माहिती जाहीर झाली तर अनेक देशांत पेटंटचा हक्क जातो. जर्नलने एम्बार्गोची, म्हणजे जिच्याआधी बातमी प्रसिद्ध करायची नाही अशी, तारीख दिली असेल तर तारखेबरोबर वेळ आणि ती कोणत्या देशाची, हेही टिपून घ्या.

आता पहिलं वाक्य. प्रयोग पेशींवर झाला, उंदरांवर की माणसांवर, हे मथळ्यात किंवा पहिल्या वाक्यात आलंच पाहिजे. चौथ्या परिच्छेदात लिहिलं तर तिथपर्यंत कोणी पोचत नाही. काचेच्या बशीतल्या कॅन्सरपेशी ब्लीचनेही मरतात, म्हणून ‘पेशी मेल्या’ याचा अर्थ ‘औषध सापडलं’ असा होत नाही. उंदरांचंही तसंच: माणसाची गाठ ज्यांच्यात वाढवतात त्या उंदरांची प्रतिकारशक्ती बहुतेक वेळा मुद्दाम निकामी केलेली असते, नाहीतर ती गाठ त्यांच्या अंगात टिकणारच नाही. माणसांवरची चाचणी असेल तर टप्पा सांगा. पहिल्या टप्प्यात साधारण २० ते ८० जण असतात आणि मुख्य प्रश्न डोस व सुरक्षिततेचा असतो. त्यावरून ‘गुणकारी’ हा शब्द वापरता येत नाही. चाचण्यांत शिरलेल्या औषधांपैकी शंभरात जेमतेम दहाएक बाजारापर्यंत पोचतात, हे वाचकाला एकदा सांगून टाकलेलं बरं.

आकड्यांत सगळ्यात जास्त घोळ होतो. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केलं, की रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. अनेकांनी याचा अर्थ ‘शंभरातल्या अठरा जणांना होतो’ असा घेतला. एरवी आयुष्यभरात १०० पैकी ५ जणांना हा आजार होतो असं धरलं, तर १८ टक्के वाढीने ते ६ च्या आसपास जातात. हेच वाक्य लिहा: १०० पैकी आधी किती, नंतर किती. शिवाय या संस्थेच्या कॅन्सरकारक गोष्टींच्या यादीत ते मांस तंबाखूच्याच गटात टाकलं गेलं, पण तो गट पुरावा किती पक्का आहे हे सांगतो, धोका किती मोठा आहे हे नाही.

‘पाच वर्षं जगण्याचं प्रमाण’ हा आकडा तपासणीच्या, म्हणजे लक्षणं दिसण्याआधीच कॅन्सर शोधण्याच्या, बातमीत आला की सावध व्हा. एखादा माणूस सत्तराव्या वर्षी कॅन्सरने जाणार आहे समजा. निदान सदुसष्टाव्या वर्षी झालं तर तो तीनच वर्षं जगला असं दिसेल. तपासणीने त्रेसष्टाव्या वर्षीच झालं, तर सात. आयुष्य एका दिवसानेही वाढलेलं नाही. म्हणून तपासणीमुळे मृत्यू कमी झाले का, ते विचारा. औषधाच्या बाबतीत ‘गाठ लहान झाली’ आणि ‘रुग्ण जास्त जगले’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, एकाच्या जागी दुसरं घालू नका.

शब्दही फसवतात. ‘आजाराची प्रगती’ ऐकून नातेवाईक खूश होतात, म्हणून ‘आजार वाढला’ असं लिहा. ‘रोगमुक्त’ऐवजी ‘तपासण्यांत आजाराची खूण दिसत नाही’ हे लांबलचक असलं तरी खरं आहे. ‘कॅन्सरची लस’ म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यासमोर आजार होऊ नये म्हणून द्यायची लस येते. एचपीव्ही या गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूविरुद्धची लस तशीच आहे, पण कॅन्सर झालेल्यांना उपचार म्हणून दिल्या जाणाऱ्या लसी वेगळ्या, तेव्हा फरक तिथल्या तिथे सांगा. ‘रामबाण’ आणि ‘क्रांतिकारी’ सरळ खोडा.

मसुदा ४०० ते ५०० शब्दांत बसवा. आधी संशोधकाला दाखवा, मग विषय न जाणणाऱ्या एखाद्याला वाचायला द्या आणि ‘काय कळलं?’ असं विचारा. तो ‘औषध आलं’ म्हणाला तर चूक त्याची नाही, मथळा बदला. फोटोकडेही बघा: उंदरांवरच्या प्रयोगाला हसऱ्या रुग्णाचं छायाचित्र लावलं, तर शब्दांत पाळलेला संयम वाया जातो.

बातमी सुटली की रुग्णांच्या घरचे फोन सुरू होतात. हे औषध सध्या मिळतं का, चाचणीत नाव नोंदवता येईल का, चालू उपचार थांबवायचे का, या तिन्हींची उत्तरं फोन घेणाऱ्याजवळ आधीच लिहून ठेवा. तिसऱ्याचं उत्तर नेहमी एकच: आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय काहीही थांबवू नका. पुढे निकालात दुरुस्ती झाली किंवा निबंध मागे घेतला गेला, तर जुनं पत्रक गुपचूप काढून टाकू नका. त्याच पानावर, वरच्या बाजूला, काय बदललं आणि कोणत्या तारखेला, ते लिहा.